हा आवाज आधी नव्हता

मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की कोकणातल्या भातखाचरांत रातोरात पिवळेधमक बेडूक दिसू लागतात. एकेक बेडूक ओंजळ भरून उरेल एवढा. एरवी हा मातकट हिरवा, गवतात बसला तर नजरेला पडणार नाही असा. पण विणीचे दिवस आले की नराचं अंग हळदीत बुडवल्यासारखं होतं आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. बांधावरून टॉर्च मारली की पाण्याच्या कडेने डोळे लुकलुकतात. त्या ‘डराव डराव’मध्ये शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही.

हा इंडियन बुलफ्रॉग; शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस. गोव्यात पावसाळ्यात तो ‘जंपिंग चिकन’ या नावाने ताटात जातो, म्हणून वनखात्याला रात्री गस्त घालावी लागते. एकेकाळी भारतातून बेडकांचे पाय मोठ्या प्रमाणावर परदेशी जात. ती निर्यात 1987 मध्ये बंद झाली. आपल्याकडे हा बेडूक वाचवायचा आहे.

अंदमानात मात्र हाच बेडूक काळजीचा विषय झाला आहे. तो तिथला नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तो तिथे पोचला आणि थोड्याच काळात वस्ती असलेल्या आठपैकी सहा बेटांवर स्थिरावला. तो पाली-सरडे गिळतो, तळ्यातले मासे खातो, कोंबडीची पिल्लंही उचलतो अशी तिथल्या लोकांची तक्रार आहे. त्याची पिल्लावळ तर त्याहून खादाड. नित्य प्रकाश मोहंती आणि जॉन मीझी या संशोधकांनी या बेडकाचे बेडूकमासे आणि अंदमानातल्या मूळच्या बेडकांचे बेडूकमासे एकत्र ठेवून पाहिले. मूळच्यांपैकी एकही वाचला नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच हा निष्कर्ष सांगितलेला आहे.

पहिला बुलफ्रॉग अंदमानात नेमका कुठल्या दिवशी उतरला, याची कुठेही नोंद नाही. कोणी तो पाहिलाही असेल, पण तो ‘नवा’ आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बेटांवर बाहेरून आलेल्या साप, सरडे, पाली, बेडकांची गोष्ट बहुतेक वेळा अशीच सुरू होते. आपल्याला ते सापडतात तेव्हा ते हजारोंनी झालेले असतात. ते दोन-चार असतात, त्यांना आवरणं शक्य असतं, तेव्हा ते सापडत नाहीत. म्हणून या प्राण्यांना शोधायचं कसं, हा प्रश्न त्यांना आवरायचं कसं या प्रश्नाच्या आधी येतो.

पक्षी गेले, तेव्हा साप दिसला

पश्चिम प्रशांत महासागरात ग्वाम नावाचं सुमारे 540 चौरस किलोमीटरचं बेट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे लष्करी सामानाची मोठी ने-आण चालू होती. त्या सामानातून, बहुधा पापुआ न्यू गिनीजवळच्या अ‍ॅडमिरल्टी बेटांवरून, एक साप तिथे आला. इंग्रजीत त्याला ब्राउन ट्रीस्नेक म्हणतात. आपल्याकडे झाडाझुडपांत रात्री हिंडणारा, मांजरासारख्या उभ्या बाहुलीचा मांजऱ्या साप आहे ना, त्याच्याच बोइगा या प्रजातीतला हा भाऊबंद. अंगाने सडपातळ, झाडावर सरसर चढणारा, रात्री बाहेर पडणारा.

ग्वामच्या पक्ष्यांनी असा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. बेटावरचा एकमेव दुसरा साप म्हणजे जमिनीत राहणारा, गांडुळाएवढा वाळा. साठ-सत्तरच्या दशकांत पक्षी कमी होऊ लागले. आधी दक्षिणेकडची रानं मुकी झाली, मग मधली, आणि शेवटी उत्तरेकडची. लोकांनी कीटकनाशकांवर संशय घेतला, रोगराईवर घेतला. ज्युली सॅव्हिज या संशोधिकेने एकेक शक्यता तपासली. लावे ठेवलेले पिंजरे तिने रानात टांगले आणि ते साप किती लवकर फस्त करतात ते मोजलं. त्याच्या जोडीला तिने आणखी एक साधी गोष्ट केली. जुनी वर्तमानपत्रं चाळली आणि बेटावरच्या लोकांना विचारलं, की तुमच्या भागात साप पहिल्यांदा कधी दिसला? उत्तरं नकाशावर मांडली, तेव्हा साप ज्या क्रमाने पुढे सरकला त्याच क्रमाने पक्षी नाहीसे झाल्याचं दिसलं.

तिचा निबंध 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर फार उशीर झाला होता. रानात राहणाऱ्या मूळच्या 12 पक्ष्यांपैकी 10 ग्वामच्या रानातून नाहीसे झाले. ‘कोको’ हा न उडणारा पाणकोंबडीसारखा पक्षी शेवटच्या काही जोड्या पिंजऱ्यात आणल्या म्हणून वाचला. सापांची संख्या दहा-वीस लाखांच्या घरात गेली. ते विजेच्या खांबांवर चढून तारा जोडत आणि बेट अंधारात जाई. कीटक खाणारे पक्षी गेल्यामुळे कोळी वाढले. शेजारच्या बेटांशी तुलना करता पावसाळ्यात ग्वामच्या रानात कोळ्यांची संख्या 40 पटींपर्यंत जास्त भरली. फळं खाऊन बी पसरवणारे पक्षी नाहीत, त्यामुळे कित्येक झाडांच्या बिया आईच्याच सावलीत पडून राहतात.

हा साप चाळीस वर्षं लोकांच्या घरादारांत होता. कोंबड्यांच्या खुराड्यात सापडत होता, लोक त्याला मारत होते. तो दिसत नव्हता असं नाही. त्याच्या दिसण्याचा अर्थ कुणी लावला नव्हता.

‘नाही’ म्हणायला किती रात्री लागतात

आता समजा, ग्वामजवळच्या एखाद्या बेटावर हा साप पोचल्याची कुणकुण लागली. शोधायला जायचं तर कसं?

पद्धत साधी आहे. अंधार पडल्यावर दोघं कपाळाला दिवा बांधून ठरलेल्या वाटेने निघतात. एकाने डावीकडचं रान बघायचं, दुसऱ्याने उजवीकडचं. चाल इतकी सावकाश, की लांबून पाहणाऱ्याला ते उभेच आहेत असं वाटावं. उजेडाचा झोत जमिनीपासून वर सरकवत न्यायचा: पाचोळा, खोड, फांदी, पानांचा गुच्छ, पुन्हा खाली. करंगळीएवढ्या फांदीवर करंगळीएवढाच जाड, फांदीच्याच रंगाचा साप लांब होऊन पडलेला असतो. वेल समजून नजर त्याच्यावरून पुढे जाते, आणि पुष्कळदा ती परत फिरत नाही.

ही नजर किती वेळा चुकते हे मोजण्यासाठी अमेरिकी शास्त्रज्ञांनी ग्वामवर पाच हेक्टर रानाला साप ओलांडू शकणार नाहीत असं कुंपण घातलं. आतल्या सापांना पकडून खुणा केल्या आणि सोडून दिलं. आत किती साप आहेत हे माहीत, बाहेर जायची वाट बंद. मग रात्रीमागून रात्री अनुभवी माणसांनी तिथे शोध घेतला. निघालेला निष्कर्ष शोधणाऱ्यांना नम्र करणारा होता: कुठल्याही एका रात्री आतल्या सापांपैकी फारच थोडे दिसायचे. बाकीचे तिथेच होते, हाताच्या अंतरावर.

याचा अर्थ समजायला थोडं गणित पुरतं. एखादा साप एका रात्रीच्या शोधात दिसण्याची शक्यता 20 पैकी 1 धरू. बेटावर असा एकच साप असेल, तर 14 रात्री शोधल्यावरही तो नजरेतून सुटलेला असण्याची शक्यता जवळजवळ निम्मी उरते. ‘इथे साप नाही’ असं 95 टक्के खात्रीने म्हणायचं, तर 59 रात्री रिकाम्या हाताने परतावं लागेल. साप एकाऐवजी दहा असले, तरी एखादी संपूर्ण रात्र एकही न दिसता जाण्याची शक्यता 60 टक्के आहे. दोन रात्री फिरून ‘काही आढळलं नाही’ असा अहवाल लिहिला, तर तो खरा असतो, पण ‘काही आढळलं नाही’ म्हणजे ‘काही नाही’ नव्हे. बेटं हातची जातात ती बहुधा या दोन वाक्यांतला फरक विसरल्यामुळे.

मग सापळे लावावेत असं वाटेल. ग्वामवर सापळ्यात जिवंत उंदीर ठेवतात. उंदरापर्यंत सापाला पोचता येत नाही, पण वासाने साप आत शिरतो. ग्वामवर हा सापळा चालतो, पण त्यातही दोन अडचणी आहेत. एक, या सापाची पिल्लं उंदीर खात नाहीत. ती पाली-सरड्यांवर वाढतात. त्यामुळे सापळ्यात मोठे साप येतात आणि लहानांची दखलच घेतली जात नाही. दुसरी अडचण अधिक खोल आहे. ग्वामवर आता पक्षी जवळजवळ उरले नाहीत, उंदीरही थोडे. साप भुकेला असतो. नव्या बेटावर मात्र पक्षी, अंडी, उंदीर यांची रेलचेल असते. भरल्या ताटावर बसलेला साप सापळ्याकडे कशाला वळेल? म्हणजे जिथे शोधाची सर्वांत जास्त गरज, तिथेच हे साधन सर्वांत दुबळं पडतं.

ग्वामच्या दक्षिण टोकाजवळ कोकोस नावाचं साधारण 33 हेक्टरचं चिमुकलं बेट आहे. उंदरांचा नायनाट करून 2010 मध्ये तिथे ‘कोको’ पक्षी सोडले होते. सापांपासून सुरक्षित असं त्यांचं ते घर होतं. 2020 मध्ये तिथेच ब्राउन ट्रीस्नेक सापडला. बेटावर येणाऱ्या स्थानिक लोकांनी खबर दिली, त्यानंतर जीवशास्त्रज्ञ कामाला लागले. तासाभरात चालून संपेल एवढ्या जागेत साप आधीपासून राहत होता आणि त्याचा पत्ता लागला तो तिथे फिरायला आलेल्यांच्या डोळ्यांमुळे.

डोळ्यांआधी कान

सापाला हाक नसते. बेडकाला असते, आणि तिथे शोधणाऱ्याचं पारडं थोडं जड होतं.

हवाईच्या बेटांवर मूळचा एकही उभयचर नाही. कुठल्याही बेडकाचा आवाज आला, की तो बाहेरचा हे ठरलेलं. 1980च्या दशकाच्या शेवटी पोर्तो रिकोमधला कोकी नावाचा बेडूक रोपवाटिकांतल्या झाडांबरोबर तिथे पोचला. अंगठ्याएवढा जीव, पण ‘को-की’ अशी त्याची हाक अर्ध्या मीटरवरून 90 डेसिबलपर्यंत भरते. शिवाय त्याला पाण्याचीही गरज नाही. मादी ओलसर पाचोळ्यात किंवा पानांच्या बेचक्यात अंडी घालते, बेडूकमाशाची अवस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर येतो तो इवलासा पूर्ण बेडूक. तळी तपासून तो सापडणार नाही. कुंड्या आणि पाचोळा तपासावा लागतो.

मायदेशी, पोर्तो रिकोत, कोकी लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे. त्याच्या आवाजाशिवाय तिथल्या माणसाला झोप येत नाही असं म्हणतात. हवाईत त्याच आवाजाने लोकांची झोप उडाली. पण याच आवाजाने त्याचा माग काढायला मदत केली. अंधार पडल्यावर रस्त्याने जाऊन ठरावीक ठिकाणी थांबायचं, काही मिनिटं कान द्यायचे आणि नोंद करायची. ओआहू बेटावर वहियावा इथे आणि काउआई बेटावर लावाई इथे कोकींची वस्ती आटोक्यात होती. तिथे झाडी छाटून, सायट्रिक आम्लाचं पाणी फवारून, पुन्हा पुन्हा कान देऊन ती वस्ती संपवता आली. सर्वांत मोठ्या हवाई बेटावर मात्र सरकारी यंत्रणा जागी होईतो बेडूक एवढे पसरले होते, की काही ठिकाणी हेक्टरी संख्या दहा हजारांच्या पटीत गेली. बेडूक तोच, फवारणीही तीच. फरक फक्त किती लवकर ऐकू आलं याचा.

त्याच काळात हवाईत आणखी एक बेडूक आला, ग्रीनहाउस फ्रॉग. तोही कोकीच्याच कुळातला, तसाच पाण्यावाचून वाढणारा. पण त्याचा आवाज अगदी मंद, रातकिड्यांत मिसळून जाणारा. त्याच्याविषयी तक्रारी आल्या नाहीत, मोहिमा निघाल्या नाहीत आणि तो गुपचूप बेटांवर पसरला. कानावर विसंबलेल्या शोधाची मर्यादा ही अशी असते. हाकारणारे नर ऐकू येतात, माद्या आणि पिल्लं गप्प असतात. आणि हळू बोलणाऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांसाठी आता आणखी एक साधन हाती आलं आहे. प्राण्याची त्वचा, विष्ठा, चिकटा यांतून त्याचा डीएनए पाण्यात मिसळतो. ओंजळभर पाण्यात तो शोधता येतो हे 2008 मध्ये फ्रान्समधल्या तळ्यांत अमेरिकन बुलफ्रॉगवर दाखवून दिलं गेलं. डबक्यात बेडूक न दिसताही त्याच्या असण्याचा पुरावा मिळू शकतो. फांदीवरच्या सापासाठी मात्र अजून दिव्याचा झोतच लागतो.

वाट ओळखली की अर्धं काम झालं

रान अफाट, शोधणारे मोजके. मग पहिल्यांदा कुठे बघायचं? जिथून ते येतात तिथे. ग्वामच्या बंदरावर आणि विमानतळावर जॅक रसेल टेरिअर जातीचे कुत्रे बाहेर जाणारं सामान हुंगतात. हवाईत रोपांना साधारण 45 अंश सेल्सियस गरम पाण्याची पाच मिनिटं अंघोळ घालतात. त्यात कोकीची अंडीही मरतात आणि बेडूकही, झाड मात्र बहुधा तगतं.

या वाटांवरचे कित्येक प्रवासी आपल्या ओळखीचे आहेत. अंगणात कुंडी उचलली की खाली वळवळणारा वाळा दिसतो. त्याचं मूळ दक्षिण आशियात मानलं जातं; पण कुंडीतल्या मातीबरोबर तो जगभरच्या उष्ण बेटांवर गेला आहे. वाळ्यात नर नसतोच, सगळ्या माद्या. एकटी वाळा मादी एका कुंडीतून गेली तरी तिची प्रजा उभी राहते. आपल्या कुंपणावर मान हलवणारा सरडा हिंदी महासागरातल्या रियुनियन आणि मॉरिशस बेटांवर पोचला. उसाच्या कांड्यांबरोबर तो गेला असावा असं मानतात. घरात पालींच्या मागे येणारा आपला कवड्या साप, त्याचा एक जवळचा भाऊबंद 1987 मध्ये हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर पहिल्यांदा नोंदला गेला. त्यानंतर त्या बेटावरच्या मूळच्या सापसुरळ्या आणि पाली झपाट्याने घटल्या, आणि संशयाची सुई मुख्यतः त्याच्याकडे जाते. तिथल्या रानातल्या एका जातीच्या सापसुरळीची शेवटची मादी, तिला सांभाळणारे लोक तिला ‘गम्प’ म्हणत, 2014 मध्ये पिंजऱ्यात मेली. जगात त्या जातीचं दुसरं कुणीही उरलं नव्हतं.

यांतला एकही प्राणी स्वभावाने दुष्ट नाही. वाळा, सरडा, कवड्या आपल्या शिवारात आपापलं काम करतात आणि त्यांना खाणारेही इथेच आहेत. आपण त्यांना नकळत उचलून अशा जागी ठेवलं, जिथे त्यांचं भक्ष्य त्यांना ओळखत नव्हतं.

गावाची आठवण

पुन्हा अंदमानाकडे वळू. तिथे बुलफ्रॉग पोचला कसा, याचं उत्तर आपल्या भाषेतल्या एका शब्दातच दडलेलं आहे: बेडूकमासा. मत्स्यशेतीसाठी मुख्य भूमीवरून मत्स्यबीज येतं. बोटाच्या पेराएवढे शेकडो जीव पिशवीतल्या पाण्यात वळवळत असतात. त्यांत चार शेपट्या बेडकाच्या असल्या तर कोण वेगळ्या काढणार? पिशवी तळ्यात रिकामी होते. काही ठिकाणी लोकांनी बेडूक मुद्दामही आणून सोडले.

पण हा क्रम कळला कसा? सरकारी नोंद नव्हती. जुने नमुने नव्हते. मोहंती आणि मीझी यांनी गावोगाव जाऊन माणसांना विचारलं: हा बेडूक तुमच्याकडे आहे का? पहिल्यांदा कधी दिसला? कुठून आला असं वाटतं? ग्वामवर सॅव्हिजने जे केलं होतं, तेच थोड्या वेगळ्या शिस्तीने. एकट्या माणसाची आठवण चुकू शकते. एका गावातल्या अनेकांची उत्तरं एकमेकांशी ताडून पाहिली, की किती चूक होते हेही मोजता येतं. बुलफ्रॉग मोठा, पिवळा, आवाजाने रान डोक्यावर घेणारा. त्याला विसरणं कठीण. त्या उत्तरांतून बेटामागून बेट कसं गेलं याचा इतिहास उभा राहिला. दहा-पंधरा वर्षं कुणीच न लिहिलेली नोंद शेतकऱ्यांच्या आणि मत्स्यपालकांच्या डोक्यात सुरक्षित होती. विचारायला कुणी गेलं नव्हतं, एवढंच.

मला या सगळ्यातून एकच गोष्ट सांगायची आहे. कुत्रे, सापळे, डीएनए, रात्रीच्या फेऱ्या, सगळं हवंच. पण या सर्वांआधी बेटावर असा माणूस हवा, ज्याला आपल्या तळ्यावर कोण कोण ओरडतं हे पाठ आहे. जे होतं ते माहीत असल्याशिवाय जे नवं आलं ते ओळखू येत नाही. आणि त्या माणसाने ‘हा आवाज आधी नव्हता’ असं म्हटलं, तर त्याचं म्हणणं त्याच आठवड्यात ऐकून घेणारं, दिवा घेऊन त्याच्या तळ्यावर जाणारं कुणीतरी हवं.

अंदमानच्या वस्ती असलेल्या आठ बेटांपैकी सहांवर हा बेडूक स्थिरावल्याचं या अभ्यासातून पुढे आलं. जिथे तो अजून गेलेला नाही, तिथेही तळी खोदली जातात आणि मत्स्यबीजाच्या पिशव्या बोटीने येतात. ती पिशवी तळ्यात ओतण्याआधी परातीत ओतून, माशांतून बेडूकमासे वेगळे काढायला फार तर अर्धा तास लागेल. एकदा ते तळ्यात गेले, की पुढचा पाऊस येईतो कुणाला काही दिसणार नाही आणि काही ऐकूही येणार नाही.